भागीबाईची चार कापडं

भागीबाईकडे एका वेळी चार कापडं भरायला असत. आणि माझ्या डोळ्यांदेखत सहा वर्षांत त्यांतलं एकही पुरं झालं नाही. हे मी तिची नालस्ती करायला सांगत नाही. ती तशी होती, म्हणून सांगते.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली तिची आणि शेजारची आमची. मी साताऱ्याकडून लग्न होऊन आले तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. मालवणकडची, विधवा, लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला. म्हणजे दिवसभर उभं राहून सूत बॉबिनवर गुंडाळायचं आणि तुटलं की गाठ मारायची. नवरा त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, तो छातीच्या दुखण्यानं गेला. खोली तेवढी त्याच्यामागे राहिली. मी तिला तोंडावर "अहो भागीबाई" म्हणायचे आणि मनात "अगं" म्हणायचे. आता ती नाही, तेव्हा मनातलंच लिहिते.

भरतकाम म्हणजे फुलीचं. जाड विणीचं मॅटीचं कापड असतं, त्याची भोकं मोजता येतात. शेजारी चौकटी आखलेला नक्षीचा कागद ठेवायचा, कागदावर जेवढ्या चौकटी रंगवलेल्या असतील तेवढ्या फुल्या कापडावर घालायच्या. यात कला काही नाही, मोजणी आहे. एक घर चुकलं की राघूची चोच त्याच्या पोटात जाते. भागीबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मोजण्यात ती कुणाला हार गेली नसती.

तिच्या चार कापडांवर राघूची जोडी होती, कृष्ण आणि गाय होती, दोन हरणं होती आणि एक मोर. म्हणजे कागदावर होती. कापडावर काय आहे ते बघणाऱ्याला सांगता येत नसे. कारण तिची पद्धत. दुसरी बाई एक कापड घेईल, पुरं करील, मग दुसरं घेईल. ही एका वेळी एकाच रंगाची लडी आणायची आणि तो रंग चारही कापडांत जिथे जिथे असेल तिथे तिथे भरायची. हिरवा आणला तर राघूचे पंख, हरणांखालचं गवत, मोराची मान, कृष्णाच्या मागचं झाड. तो संपला की पुढचा रंग. त्यामुळे वर्ष वर्ष तिच्या कापडांवर नुसते हिरवे-पिवळे ठिपके दिसायचे, भिंतीला बुरशी धरल्यासारखे.

मी नवीन होते, जीभ आवरत नसे. म्हटलं, "अहो, एक एक पुरं करा ना. काहीतरी झालेलं दिसेल तरी."

ती म्हणाली, "आणि बाकीची तीन?"

"ती मग."

"एकाक जेवाक घालूचा नि तिघांका बघत बसवचा? ह्यां माका जमाचां नाय गो."

कापडं आहेत ती, पोरं नव्हेत, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

तिला सुई हातात धरायला वेळ मिळायचा कुठे म्हणाल तर नळाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, रेशनच्या दुकानापुढे आणि गिरणीत जेवणाच्या सुट्टीत. कापडाची गुंडाळी कायम पिशवीत. हंडा पुढे सरकवायचा पायानं, हात सुईवर. दिवा लागला की काम बंद. दिव्याच्या उजेडात निळा नि जांभळा सारखाच दिसतो म्हणायची. चाळीत कुणी विचारलं, "काय भागीबाई, बरं आहे ना?" तर ती "बरं आहे" म्हणत नसे. "आज अकरा," म्हणायची. किंवा, "आज सातच. पाणी लवकर इलां." म्हणजे दिवसाच्या फुल्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं बाईच्या डोक्यात काही फरक आहे. नंतर सगळ्यांना सवय झाली. खालच्या मजल्यावरच्या बायका खालूनच ओरडून विचारायच्या, "भागीबाई, आज किती?" आणि उत्तर आलं की हसायच्या. ती रागवायची नाही. हसायचीही नाही. आकडा सांगून सुई पुन्हा खाली घालायची.

एकदा ती तापानं पडली होती. मी पेज घेऊन गेले आणि तिला बरं वाटावं म्हणून, खरं तर मला हौस म्हणून, हरणाच्या पाठीवर आठ फुल्या घातल्या. ती उठून बसली, कापड डोळ्यांजवळ नेलं आणि आठही उसवल्या. अंगात ताप होता, तरी उसवल्या. मग म्हणाली, "शांते, वरचो टाको सगळ्यांचो एकाच बाजूक झुकूक होयो. तुजे उलटे झुकतत." मला राग आला. पेजेचं भांडं उचलून मी चालती झाले. दोन दिवस बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नसेल.

ही कापडं कुणासाठी, ते मला पत्रांतून कळलं. मी चौथी पास, ती निरक्षर, म्हणून गावाहून तिच्या दिराचं पत्र आलं की ती माझ्याकडे आणायची. पत्र नेहमी सारखंच. पाऊस बरा आहे, म्हैस व्यायली आहे, आणि शेवटी, कुसुम खुशाल आहे, ती काकीस नमस्कार सांगते.

दोन-तीन पत्रं वाचल्यावर मी विचारलं, "ही कुसुम कोण?"

"माजां चेडू."

मुलगी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. "मग ही काकी कोण?"

"मी."

मी पत्र पुन्हा वाचलं. तेच होतं.

भागीबाई म्हणाली, "नवरो गेलो तेव्हा ह्यां दोन वर्षांचां. मी गिरणीत पाळीक जातलंय, बघतलो कोण? जावेकडे ठेवलंय. जावेची चार पोरां माका काकी म्हणतत. ह्यां त्यांच्यात वाढलां. ती म्हणतत तां ह्यां म्हणता."

"आणि जावेला?"

"आई."

"तुम्ही सांगितलं नाही कधी तिला?"

"तेका ठाऊक आसा गो. सवय नाय." मग कापडावर वाकून, "फुडे वाच."

पुढे काही नव्हतं. मी दिराची सही वाचून दाखवली.

वर्षातून एकदा ती गणपतीला गावी जायची. पाच-सहा दिवस. परत आल्यावर मी विचारायचे, मुलगी कशी आहे? ती सांगायची, उंची वाढली, केस दाट आहेत. नातेवाइकाच्या मुलीबद्दल सांगावं तसं. एका वर्षी मात्र आल्या आल्या तिनं पिशवी खाली ठेवली नाही. उभ्यानंच म्हणाली, "तेच्या लग्नाचां बोलतत."

त्या दिवशी ती जेवढं बोलली तेवढं पुन्हा कधी बोलली नाही. विधवा बाईला लग्नात काय करता येतं? हळद लावता येत नाही. ओटी भरता येत नाही. कन्यादानाला दीर-जाऊ बसणार, ते तर ठरलेलंच. मांडवात पुढे उभं राहिलं तरी कुणीतरी हलकेच कोपरानं मागे सारतं. रुखवताचं टेबल तेवढं राहिलं. मुलीच्या घरच्यांनी केलेल्या वस्तू त्यावर मांडतात, लाडू-चकल्यांचे मनोरे, विणकाम, भरतकाम. तिथे तिची चार कापडं मांडली गेली की झालं. "टेबलावर ठेवलेल्या कापडाक कोण मागे सर म्हणना नाय," ती म्हणाली.

"चारच का?"

"घराक चार भिंती आसतत."

तेव्हापासून मीही मनातल्या मनात तिच्या फुल्या मोजायला लागले. इतका संथ कारभार बघून माझाच जीव वरखाली व्हायचा.

ते दिवस धामधुमीचे होते. मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी. गोळीबार झाला तेव्हा आमच्या चाळीची सगळी दारं बंद होती आणि धुरानं डोळे चुरचुरत होते. मी पोराला पोटाशी धरून भिंतीला टेकले होते. पलीकडून भागीबाईनं भिंतीवर बोटानं टकटक केली. मी घाबरून ओरडले, "काय झालं?"

"काय नाय. आसंस मा?"

"आहे."

"बरां."

नंतर कळलं, त्या दोन दिवसांत तिनं मोराची मान पुरी केली होती. गिरणी बंद, नळ बंद, बाहेर पडायचं नाही, म्हणजे हात मोकळे. लोक छातीठोक सांगतात, आम्ही तेव्हा अमुक केलं, तमुक केलं. भागीबाईनं मोराची मान केली.

पण मोर्चाला ती आली नाही असं नाही. समोरच्या चाळीतली मुक्ताबाई आमच्या भागातल्या बायकांची पुढारी होती. उंचपुरी, खणखणीत आवाजाची. तिच्या घरात नुकतीच बुद्धाची तसबीर लागली होती आणि ती घोषणा द्यायला लागली की शेवटच्या गल्लीपर्यंत ऐकू जायचं. सत्याग्रहाला बायका कमी पडतात म्हणून ती दारोदार फिरली, तेव्हा भागीबाई चप्पल घालून निघाली. पिशवी घेतलीच.

आम्हाला पोलिसांनी गाडीत घातलं आणि एका चौकीच्या आवारात नेऊन बसवलं. तीसेक बायका असू. घोषणा चालल्या होत्या. भागीबाई आवाराच्या भिंतीला टेकून बसली आणि कापड काढलं. हवालदार आला, सुई बघितली आणि हात पुढे केला.

"बाई, सुई द्या इकडे. हत्यार आहे ते."

"ह्यां हत्यार?" तिनं सुई त्याच्यापुढे धरली. "रे बाबा, तुजी बायल गोधडी शिवता, ती काय दरोडो घालता?"

बायका हसल्या. हवालदाराचे कान लाल झाले. त्यानं सुई घेतली आणि टोपीच्या काठात खोचली. मुक्ताबाईनं लगेच घोषणा दिली, "सुई परत मिळालीच पाहिजे!" आणि तीस बायकांनी तीच उचलून धरली. संयुक्त महाराष्ट्र राहिला बाजूला. शेवटी आतून साहेब बाहेर आला, त्यानं काय प्रकार आहे विचारलं आणि सुई देऊन टाक म्हणाला. संध्याकाळी सोडलं तेव्हा मुक्ताबाईनं विचारलं, "भागीबाई, आज किती?"

"सव्वीस," ती म्हणाली. "रोज धरून नेत जावा माका."

तिनं केलेला हा एकच विनोद मला आठवतो, आणि तोही विनोद होता की नाही हे मला सांगता येणार नाही.

असे करत करत सगळे रंग झाले, काळा राहिला. काळा शेवटी, हा तिचा नेम. काळा दोरा पाणी लागलं की रंग सोडतो आणि पांढरं कापड डागाळतं. म्हणून आधी सगळं भरायचं, कापड धुऊन घ्यायचं आणि मग काळा घालायचा. काळ्यात काय असतं? सगळ्या चित्रांच्या कडा आणि डोळे. तिची चारही कापडं आता बघण्यासारखी झाली होती, पण राघू आंधळे, हरणं आंधळी, गाय आंधळी, कृष्णही आंधळा. मला त्यांच्याकडे बघवत नसे. म्हटलं, "आता उशीर नको. भरून टाका." काळ्या लड्या तिनं आणून डब्यात ठेवल्याच होत्या.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कुणी मोठे पुढारी येणार म्हणून त्यांना काळी निशाणं दाखवायचं ठरलं. हरताळामुळे दुकानं बंद. मुक्ताबाई दारात आली. "काळं कापड आहे, शिवायला काळा दोरा नाही. कुणाकडे आहे का गं?"

भागीबाईनं डबा उघडला आणि सगळ्या लड्या देऊन टाकल्या.

मुक्ताबाई गेल्यावर मी म्हटलं, "अहो, एखादी तरी ठेवायची! निशाण पांढऱ्या दोऱ्यानं शिवलं असतं तर काय पुढाऱ्यांनी जवळ येऊन बघितलं असतं?"

"तिणां मागलां, मी दिलंय."

"आणि तुमचं?"

"लगीन वैशाखात. खूप येळ आसा."

चार दिवसांनी दिराचं पत्र आलं. मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. मुलाच्या आजोबांचं दुखणं वाढलं होतं, म्हणून त्यांच्या डोळ्यांदेखत लग्न उरकायचं ठरलं होतं. लग्न मुंबईतच, ठाकूरद्वारला मुलाच्या वाडीत. मुलगा छापखान्यात कामाला. आजपासून आठव्या दिवशी.

भागीबाईनं पत्र माझ्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिली.

बातमी चाळभर झाली. दुकानं आता उघडली होती, त्याच संध्याकाळी मुक्ताबाई स्वतः काळ्या लड्या घेऊन आली. ओशाळली होती. म्हणाली, "भागीबाई, चार कापडं आहेत, आम्ही चौघी बसतो. चार दिवसांत पुरं करून देतो. हे काम माझ्यामुळे अडलं."

आम्ही तिघी-चौघी दाराशीच उभ्या होतो. कुणाच्याही हातात तिनं कापड दिलं असतं तर काम झालं असतं. फुल्या उलट्या झुकल्या असत्या, पण लग्नात कोण टाके बघतं?

ती म्हणाली, "नको."

"अहो, हट्ट कशाला?"

"सोळा वर्सां मी तेका दुसऱ्याच्या हातात दिलंय," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. भाजीचा भाव सांगावा तसं. "ह्यां माज्या हाताचां ऱ्हवांदे."

मुक्ताबाईनं लड्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि आम्ही सगळ्या आपापल्या कामाला लागलो.

गिरणीत रजा मिळाली ती लग्नाच्या दिवसाची. आठ दिवस तिनं नळावर, रांगेत, सुट्टीत, जिथे जमेल तिथे भरलं. आधी डोळे, चारही कापडांतले. मग कडा. पण कडा म्हणजे हजारो फुल्या. लग्नाच्या सकाळी मी तिला बोलवायला गेले तेव्हा ती कापडांच्या घड्या घालत होती. डोळे झाले होते. कडा एकाही चित्राच्या पुऱ्या झाल्या नव्हत्या. एक एक करून भरली असती तर तीन तरी काचेच्या चौकटीत बसली असती. मी हे बोलले नाही. त्या दिवशी मला तेवढी अक्कल होती.

आम्ही ट्रामनं ठाकूरद्वारला गेलो. वाडीच्या चौकात मांडव होता. भागीबाईनं कापडं जावेच्या हातात दिली आणि मागे स्वयंपाकाच्या बाजूला जाऊन बसली, नारळ खवायला. कुणी सांगितलं नव्हतं. मी रुखवताच्या टेबलाजवळ उभी राहिले. कापडं मांडली होती, चारही. कडा नसल्या तरी ती उठून दिसत होती हे मला कबूल केलं पाहिजे.

मुलाची आत्या रुखवत बघायला आली. नाकात मोठी नथ, नजर सुईसारखी. एकेक लाडू उचलून बघितल्यावर ती कापडांपाशी आली. "हे कुणी भरलं?"

जाऊ म्हणाली, "आमच्या कुसुमनं. लहानपणापासून नाद आहे तिला." यात जावेची काही चूक नाही. रुखवतातलं सगळं मुलीनंच केलेलं असतं, असं सगळे सांगतात आणि सगळे ऐकून घेतात.

आत्यानं कापड उचलून उजेडात धरलं. "हात चांगला आहे. पण कडा का सोडल्यास गं कुसुम? कंटाळा आला?"

कुसुम पाटावर बसायची वाट बघत तिथेच उभी होती, मुंडावळ्या बांधून. मी तिला तेव्हा पहिल्यांदा बघत होते. केस दाट होते. ती मान खाली घालून हो म्हणाली असती तर विषय संपला असता. पण तिनं वर बघितलं.

"मी नाय भरलां ह्यां," ती म्हणाली. "माज्या मुंबईच्या काकीन भरलां."

जावेचा चेहरा पडला. आत्या म्हणाली, "कुठे आहे ही काकी? बोलवा तिला."

भागीबाई आली. हाताला खोबऱ्याचा कीस लागलेला, तो पदराला पुसत. मी तोंड उघडलं. काकी नव्हे, आई आहे ती तिची, असं मी सांगणार होते, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. भागीबाईनं माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं आणि दाबलं. वाइंडिंगच्या बाईची बोटं, चांगलीच दुखली.

आत्या म्हणाली, "तुम्ही का काकी? छान आहे हो काम. पण पुरं करून द्यायचं ना. अर्धवट वस्तू कशी टांगायची भिंतीला?"

आणि भागीबाई, जिनं आमच्या चाळीत मालवणीशिवाय तोंड उघडलं नव्हतं, ती स्वच्छ म्हणाली, "पुरं करून देते. तुमच्याच घरी येऊन करीन. रविवारी सुट्टी असते मला."

आत्यानं मुलाच्या आईकडे बघितलं. मुलाची आई साधी बाई होती. म्हणाली, "या की. त्यात काय? रविवारी या."

परतीच्या ट्राममध्ये मी तिला सोडलं नाही. "का गप्प बसवलंत मला? सगळ्यांसमोर सांगितलं असतं."

"काय सांगतलंस?"

"तुम्ही आई आहात म्हणून."

"आणि जाव मग कोण? सोळा वर्सां तिणां भरवलां, तिणां आजारपण काढलां. तिका कोण म्हणूचां?" ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तेणां माजां नाव घेतलां, शांते. गप ऱ्हवलां असतां तरी चाललां असतां. तेणां घेतलां."

नाव घेतलं नव्हतं. काकी म्हटलं होतं. पण मी तिला ते सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणतात की काय, माझ्या ध्यानात येईना, आणि मला तिचा भारी राग आला होता.

मग दर रविवारी ती ठाकूरद्वारला जायची. सकाळचा स्वयंपाक उरकून निघायची आणि दिवे लागायच्या आत परत. आता कापडं तिकडेच असल्यामुळे नळाच्या रांगेत तिचे हात रिकामे असत. काय करावं ते त्या हातांना कळत नसे. हंड्याची कड नाहीतर पदराचं टोक चाचपत उभी राहायची. कुणी "आज किती?" विचारलं तर नुसती मान हलवायची. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. आठवड्याचे सहा दिवस ती कामावर जायची, यायची आणि दार लावून घ्यायची. भिंतीपलीकडून भांड्याचासुद्धा आवाज येत नसे. कधी कधी मीच भिंतीवर टकटक करायचे. "आहात ना?" "आसंय."

महाराष्ट्र झाला तेव्हा सगळ्या चाळींना तोरणं लागली, रस्त्यात पेढे वाटले. मुक्ताबाईनं भागीबाईच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "महाराष्ट्र झाला, भागीबाई. तुमच्या कडा कधी होणार?"

"होतत," ती म्हणाली.

लग्नाला तोवर वर्ष उलटून गेलं होतं. मला काही हिशेब लागेना. आठ दिवसांत एवढे डोळे आणि थोड्या कडा भरणाऱ्या बाईला वर्षाचे सगळे रविवार पुरत नाहीत?

मग आमच्या ह्यांची छाती धरली, डॉक्टरनं गिरणी सोडायला सांगितलं आणि आम्ही गावी जायचं ठरवलं. निघायच्या आधीच्या रविवारी मी म्हटलं, "आज मी येते तुमच्याबरोबर. कुसुमला भेटून घेते." ती नको म्हणाली नाही. चल म्हणालीही नाही.

कुसुमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे लाकडी गॅलरी. चार भिंती होत्या, पण एकीला कपाट, एकीला फळ्या, एकीला देवघर. मोकळी एकच भिंत, आणि तिच्यावर दिनदर्शिका. कापडं ट्रंकेत असत. भागीबाई आली की कुसुमची सासू ती काढून द्यायची. त्या दिवशीही दिली. भागीबाई गॅलरीत भिंतीला टेकून बसली आणि मोराचं कापड मांडीवर घेतलं. मी तिच्या शेजारी बसले. तिनं कागद बाहेर काढला नाही. मोजलंही नाही. सुई खाली घातली, वर काढली, पुन्हा खाली.

कुसुम आत पोळ्या करत होती. पोटुशी होती, सातवा असावा. मधून मधून दारापर्यंत यायची, गॅलरीत बघायची आणि परत चुलीकडे जायची. बोलणं असं काही नव्हतं. चहा झाला. ऊन कलायला लागलं.

सासू सुपारी कातरत दारात येऊन बसली. मला म्हणाली, "बघा हो, तुम्ही यातलं जाणता. किती राहिलंय अजून? वर्ष झालं, काकी येतात, बसतात. मला मेलीला काही समजत नाही. काचेत घालायला द्यायचं म्हणते मी, बारशाच्या आत."

मी वाकून बघितलं. मोराच्या सगळ्या कडा पुऱ्या होत्या. पायाशी ठेवलेल्या तीन कापडांच्या घड्या मी एकेक करून उलगडल्या. राघूच्या पुऱ्या, हरणांच्या पुऱ्या, गाईच्या आणि कृष्णाच्याही. कुठे एक घर रिकामं नव्हतं. भागीबाईची सुई भरलेल्या फुल्यांवरूनच पुन्हा जात होती, काळ्यावर काळा, आणि त्या कडा आता बोटाला दोरीसारख्या लागत होत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचे कान तांबडे झाले होते.

मी तिन्ही घड्या होत्या तशा घातल्या.

आतून कुसुमनं सासूला सांगितलं. "राहिलंय अजून, आई. बरंच राहिलंय." ती पिठाचे हात पुसत बाहेर आली, सासूला वळसा घालून गॅलरीत आली आणि कमरेला खोचलेली एक नवी काळी लडी काढून तिनं कापडाशेजारी ठेवली. "संपत आला असेल ना दोरा? कालच यांना आणायला सांगितला."

सासू म्हणाली, "मग बारशाच्या आत नाही व्हायचं ते."

"नाही व्हायचं," कुसुम म्हणाली आणि पोळी करपेल म्हणून आत गेली.

भागीबाईनं लडी उचलली, टोक शोधलं, ओठांत धरून ओलं केलं आणि उजेडाकडे वळून सुईत ओवलं.